किटलीची खोड

प्रवासवर्णन लिहिणारी माणसं लांब कुठंतरी गेलेली असतात. मी नाशिकच्या इंदिरानगरातून मालेगावला गेले, तिथून माझ्या गावाला, सायखेड्याला गेले आणि परत आले. सगळा प्रवास एकाच जिल्ह्यातला. याला प्रवासवर्णन म्हणावं की नाही, मला नक्की सांगता येत नाही. पण माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी मालेगाव फक्त बातम्यांत पाहिलंय आणि सायखेडा तेवढंही नाही. शिवाय या प्रवासात माझ्याबरोबर एक विजेची किटली होती, आणि तिच्यावर बरंच काही अवलंबून होतं.

इंदिरानगर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दोन वर्षं सायखेड्याहून एसटीनं ये-जा केली. यंदा प्रॅक्टिकल संपता संपता अंधार पडायला लागला, आणि शेवटची गाडी डोळ्यांदेखत निघून जायला लागली. तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "महिनाभर खोली घेऊन राहून बघ. मग ठरवू." हे "मग ठरवू" महिनाभर माझ्या उशाशी होतं.

खोलीत माझ्याबरोबर नाझनीन. ती मालेगावची, माझ्याच वर्गातली. तिच्या घरच्यांनीही असाच एक महिना दिला होता. दोघींपैकी एकीलाही घरून नकार आला असता तर दुसरीला एकटीला ती खोली परवडली नसती. म्हणजे राहणार तर दोघी, नाहीतर कुणीच नाही.

घरमालकीणकाकू खालच्या मजल्यावर राहतात. खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, "गॅस नाही, स्टोव्ह नाही, शेगडी नाही." मग आम्ही दोघींनी मिळून किटली घेतली. नाझनीन म्हणाली, "सुजाता, काकूंनी किटलीचं नाव घेतलं नव्हतं. ज्याचं नाव घेतलं नाही ते चालतं." मला काही ते पटेना, म्हणून खाली जाऊन विचारून आले.

"चहाची किटली ना? वापरा की," काकू म्हणाल्या. "फक्त गीझर चालू असताना लावू नका, मेन पडतो. आणि त्या तुझ्या मैत्रिणीला सांग, जरा हळू बोलत जा. मला खाली टीव्ही ऐकू येत नाही."

महिनाभर किटलीनं आम्हाला सांभाळलं. सकाळी प्यायला गरम पाणी, रविवारी मेस बंद असली की मॅगी, परीक्षेच्या आधी उकडलेली अंडी. दुधाची पावडर घालून चहाही करायचो. तो चहा होता का, हे पुढं येईलच.

महिना संपला. नाझनीनच्या अम्मीचा फोन आला, "शुक्रवार को आ जाओ दोनों. और वो बिजली का बर्तन भी लाना, जिसपे तुम जी रही हो. देखूँ तो सही." माझ्याही डोक्यात तेच होतं. आईला फोनवर सांगितलं, "आई, मी येताना किटली आणते." आवाज तुटत होता. आई म्हणाली, "आन, आन. बरं झालं. आबाला सांगते." तिला एवढा आनंद का झाला हे तेव्हा कळलं नाही. मी समजले, लेकीचं कौतुक.

नाशकातल्या द्वारका चौकात गाडीत बसणार तोच आठवलं, किटली घेतली पण तिच्या खालची विजेची तबकडी खोलीतच राहिली. तबकडीशिवाय ती किटली म्हणजे नुसता तांब्या. नाझनीन रिक्षानं परत गेली आणि मी पिशवी पोटाशी धरून उभी राहिले. पुढच्या गाडीच्या कंडक्टरनं पिशवीकडं बघून विचारलं, "काय ताई, कुकर?"

"नाही, किटली."

"मग पाजा की एकेक कप. चांदवडपर्यंत लय झोप येते."

मालेगाव

चांदवड गेलं की डोंगर उघडे होत जातात. राहुडचा घाट उतरला की आमच्याकडचा द्राक्षांचा, उसाचा हिरवा पट्टा कुठं संपला हे कळतही नाही. मग ट्रक, ढाबे, पुन्हा ट्रक. मोसम पुलाजवळ उतरलो तेव्हा माझं लक्ष आधी सायकलींकडं गेलं. नाशकात सायकल व्यायामाला चालवतात. इथं सायकलवर सुताची पोती होती, कापडाचे तागे होते, आणि एका सायकलवर अख्खं कुटुंब होतं.

त्यांच्या गल्लीत शिरलो तर सगळं शांत. मी म्हटलं, "तू तर म्हणायचीस, इथं कान किटतात."

"आज जुम्मा आहे. लूम बंद," नाझनीन म्हणाली. तिच्या घराखालीच त्यांचा यंत्रमागांचा कारखाना आहे. "उद्या ऐक."

आमच्याकडं पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा आणि मग, आग्रह असेल तर, जेवण. इथं दारातच अम्मींनी विचारलं, "खाना खाई?" मी सवयीनं "हो, खाल्लं" म्हणाले. खाल्लेलं नव्हतं. अम्मी हसल्या. "झूठ भी ऐसा बोलती कि पकड़ में आ जाए. बैठ." मग बिर्याणी आली आणि मागून दुधातल्या शेवया. एकाच मोठ्या ताटातून आम्ही तिघींनी खाल्लं. घरी आम्ही प्रत्येकाची ताटली वेगळी घेतो, म्हणून पहिले दोन घास मी बिचकतच घेतले. नंतर विसरले.

जेवणानंतर किटलीची पाहणी. इथं पहिली अडचण आली. वरच्या घरात सगळी सॉकेटं जुनी, दोन भोकांची. तीन पिनांचा प्लग बसेल असं एकच ठिकाण होतं, खाली लूमच्या कारखान्यात. म्हणून आम्ही सगळे जिना उतरलो. पुढं नाझनीनचे अब्बू, मागं किटली घेऊन मी, आणि सगळ्यांत मागं अम्मी, हातात चहाचे ग्लास.

बंद कारखाना मी पहिल्यांदाच पाहत होते. ओळीनं उभे माग, अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं, आणि सगळ्यांवर रुईचा पांढरा थर, पिठाच्या गिरणीत असतो तसा. अब्बूंनी फडक्यानं एक बाकडं पुसलं, त्यावर किटली ठेवली, बटण दाबलं. पाणी गुणगुणायला लागलं. मग उकळी फुटली आणि "टक" असा आवाज होऊन बटण आपोआप वर आलं.

"बस?" अब्बूंनी विचारलं. "इतनीच आवाज़? हमारी मशीनों को ये शराफ़त कोई सिखाए."

अम्मींनी झाकण उघडून आत वाकून पाहिलं. मग माझ्याकडं. "बेटा, ये तो पहले उबाल पे हाथ उठा देती है. चाय तो उसके बाद बनती है."

खरंच होतं ते. माझी आईही चहाला तीन उकळ्या देते. पहिली वर येण्याची, दुसरी रंगाची, तिसरी चवीची. आमच्या किटलीला फक्त पहिली माहीत. खोलीत आम्ही पावडर ढवळून जे प्यायचो ते तपकिरी गरम पाणी होतं, आणि हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं.

"लेकिन पानी के लिए अच्छी है," अब्बू म्हणाले. "और अपने आप बंद होती है. हमारी नाझनीन तो चूल्हे पे दूध रख के भूल जाती."

"अब्बू!"

"क्या अब्बू? पिछली ईद का भगोना अब तक काला है."

दुसऱ्या दिवशी लूम सुरू झाले. आवाज कानांत नाही, छातीत भरत होता. फरशी थरथरत होती, ग्लासातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती. घरातले एकमेकांशी खुणांनी बोलत, नाहीतर ओरडून. तेव्हा मला कळलं, नाझनीन एवढ्या मोठ्यानं का बोलते ते. ती भांडत नसते. ती लहानपणापासून लूमच्या वरून बोलत आलेली आहे. हे परत गेल्यावर काकूंना सांगायचं, असं मी ठरवलं.

निघताना अम्मींनी त्यांचा निर्णय सांगितला. खरं तर सांगितला नाहीच. त्या म्हणाल्या, "तेरे अब्बा क्या बोलते, पहले वो देख. उनकी भी लड़की पहली बार घर से निकली. वो हाँ बोले, तो हम भी हाँ."

नाझनीन मला बसस्टँडवर सोडायला आली. नेहमी मोठ्यानं बोलणारी, पण त्या दिवशी हळू बोलत होती. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "किटली नीट दाखव. तिची तारीफ कर. आणि चहाचं काही बोलू नकोस."

ओझर ते सायखेडा

ओझरला आबा मोटारसायकल घेऊन आले होते. मी उतरले तरी ते माझ्या मागंच बघत होते.

"किटली कुठंय?"

"ही काय, पिशवीत."

"पिशवीत?" आबांनी पिशवी चाचपली. "पिशवीत मावली?"

"मग! दीड लिटरची आहे."

आबा गाडी सुरू करायचं थांबले. "दीड लिटर," ते स्वतःशीच म्हणाले. "ही गाईची नाय, शेळीची दिसती."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं किटली म्हणजे दूध घालायची किटली. झाकणाची, कडीची, डेअरीत न्यायची. घरची किटली बुडाला गळायला लागली होती हे मला माहीत होतं. पण "किटली आणते" म्हटल्यावर आईनं काय समजावं, हे महिनाभर शहरात राहून मी विसरले होते. आबांनी तर जुनी किटली सकाळीच पत्रा कापून कोंबड्यांच्या पाण्याला लावली होती.

"मंग आता सांजचं दूध कशात घालू?" आबांनी विचारलं. रागानं नाही, खरोखरच.

त्या संध्याकाळी आमचं दूध शेजारच्या आक्कांच्या कळशीतून डेअरीत गेलं. डेअरीवाल्यानं विचारलं म्हणे, "काय आबा, पोरीनं किटली आनली ना?" आबा म्हणाले, "आनली. पन ती शिकलेली हाय, दुधाला हात लावीत नाय."

सायखेडा

सायखेडा गोदावरीच्या काठावर आहे. नाशकात रामकुंडावर बघतो तीच गोदावरी, पण आमच्याकडं येईपर्यंत ती मोकळी झालेली असते, रुंद आणि मातकट. सकाळी मी काठावर गेले. पलीकडच्या मळ्यात कांद्याची लागण चालली होती, बायका वाकून ओळीनं पुढं सरकत होत्या. घरी सांगायची वाक्यं मी मनात जुळवत होते. सुरक्षित आहे. आपोआप बंद होते. गॅस लागत नाही. पाणी लगेच गरम होतं. महिनाभर अडचण आली नाही. म्हणताना ती वाक्यं मला जाहिरातीसारखी वाटत होती, पण दुसरी सुचत नव्हती.

परत आले तर घरात वीज नव्हती आणि जळक्या दुधाचा वास होता.

झालं असं होतं. आईला मला चहा करून द्यायचा होता, माझ्याच किटलीत. मी तिला फक्त पाण्याचं दाखवलं होतं. पण आईनं पाणी वेगळं आणि चहा वेगळा असा कधी केलेलाच नाही. तिनं दूध, पाणी, पत्ती, साखर, ठेचलेलं आलं सगळं एकत्र किटलीत घातलं आणि बटण दाबलं. पहिल्या उकळीला बटण "टक" करून वर आलं. आई म्हणाली, अजून कुठं? तिनं पुन्हा दाबलं. दुसऱ्या उकळीला पुन्हा वर आलं. तिसऱ्या वेळी तिनं बटण बोटानं दाबूनच धरलं, आणि दूध तोटीतून उसळून तबकडीवर सांडलं. तबकडीत ठिणगी उडाली, आणि घरातला फ्यूज गेला.

आई किटलीसमोर बसली होती, पदर तोंडाला लावून. "मोडली का गं?" तिनं विचारलं. "मला वाटलं, तिला कंटाळा आला म्हनून बंद पडती. म्हनून धरली दाबून."

"तुला भाजलं नाही ना?"

"नाय गं. मला काय व्हतंय? पन तुझी वस्तू..."

मी आईजवळ बसले. किटलीच्या बुडाशी दुधाचा काळा थर चिकटला होता. मला रडू आलं नाही, पण आता सगळं बुडालं असं मात्र वाटलं. हीच किटली दाखवून मी सांगणार होते की मी एकटी नीट राहते.

आबांनी फ्यूजला नवी तार घातली. तबकडी पुसून उन्हात ठेवली. मग ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "बस. आता सांग ह्या किटलीचं."

मी सुरू केलं, "आबा, ही सुरक्षित आहे, आपोआप..."

"थांब. गुण विकनारा सांगतो. तू खोड सांग."

आमच्या गोठ्यात तांबडी नावाची गाय आहे. तिची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय. बाजारात आबा गाय घ्यायला गेले तेव्हा सगळे विकणारे आपापल्या गाईचे गुण गात होते. आबा प्रत्येकाला एकच विचारत होते, खोड काय? सगळे म्हणाले, खोड नाहीच. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "धार काढताना लाथ मारती. डाव्या अंगानं बसलं तर नाय मारत." आबांनी तीच घेतली. तांबडी अजूनही लाथ मारते, आणि आबा अजूनही डाव्या अंगानंच बसतात.

मग मी खोड सांगितली. आधी थोडं अडखळत.

"पाणी उकळलं की ती थांबते. तिच्यात चहा होत नाही, आबा. आम्ही महिनाभर पितोय, पण तो चहा नाही. दूध घातलं तर आज झालं तसं होतं. वीज गेली की नुसतं भांडं. तबकडी विसरली तर तेही नाही. गीझरबरोबर लावली तर काकूंचा मेन पडतो. बाहेरून तापते, एकदा माझं मनगट पोळलंय." मी मनगट दाखवलं. "आणि तिच्यात मॅगी केली तर पुढचे दोन दिवस पाण्याला मसाल्याचा वास येतो."

आई हसली. आबा हसले नाहीत. "झालं?"

"झालं."

"आता खोलीची खोड सांग."

याची तयारी मी केली नव्हती. नाझनीननं तर नुसती तारीफ कर म्हणून सांगितलं होतं. पण तांबडी समोर उभी होती, आणि मला दुसरं काही बोलताच आलं नसतं.

"संध्याकाळी करमत नाही," मी म्हणाले. "तुम्ही डेअरीत जायच्या वेळेला तर मुळीच नाही. एकदा ताप आला होता. नाझनीननं किटलीत पाणी गरम करून दिलं, गोळी दिली, क्लास बुडवून बसून राहिली. पण मला आईच पाहिजे होती. मेसची भाजी रोज सारखीच असते. खिडकीतून समोरची भिंत दिसते, दुसरं काही नाही. रस्त्यावर गाड्या फार, पहिल्या आठवड्यात मला चौक ओलांडता येत नव्हता." मी थांबले. मग जे खरं होतं ते सांगितलं. "पण प्रॅक्टिकल एकही बुडलं नाही, आबा. आणि चौक आता ओलांडता येतो."

आबा उठले आणि गोठ्यात गेले. तांबडीच्या पाठीवर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. आईनं मला खुणेनं सांगितलं, गप बस. मी बसले.

आबा परत आले आणि म्हणाले, "त्या पोरीच्या बापाला फोन लाव."

फोन मोठ्या आवाजावर ठेवला, कारण पलीकडं लूम चालू होते. आबांची हिंदी बाजारातली, पण ते ती न बिचकता बोलतात. "मालेगाववाले, नमस्कार. मैं सुजाताका बाप. वो किटली देखी मैंने. उसमें खोड हाय."

"क्या है?" पलीकडून अब्बू ओरडले. "खोड मतलब?"

आबांनी क्षणभर विचार केला. "लाथ मारती."

"अच्छा, अच्छा!"

"लेकिन पोरींमें खोड नाय. दोनोको राहने दो."

पलीकडं लूमच्या आवाजातून नाझनीनची किंकाळी आली. त्या दिवशी ती सगळ्या लूमच्या वर ऐकू आली.

परत इंदिरानगर

निघायच्या आधी आबा आणि मी सायखेड्याच्या बाजारात जाऊन दुधाची किटली घेऊन आलो. खरीखुरी, कडीची, झाकणाची. आबांनी ती पाण्यानं भरून, उन्हात धरून, बुडाशी बोट फिरवून पाहिली आणि दुकानदाराला विचारलं, "खोड काय हिची?" दुकानदार म्हणाला, "झाकण घट्ट बसतं." आबा खूश झाले.

आईनं मला एक छोटं पातेलं बांधून दिलं. मी म्हटलं, "काकू शेगडी चालू देत नाहीत." आई म्हणाली, "काकूंच्याच गॅसवर ठेव की रविवारी. तीन उकळ्या दे, त्यांनाबी पाज. मंग नाय म्हनते का बघू." मला वाटलं, हे काही जमायचं नाही. पण जमलं. आता रविवारी सकाळी मी खाली जाते आणि चहा ठेवते. नाझनीन मोठ्यानं बोलते आणि काकू टीव्ही बंद करून ऐकतात. लूमचं त्यांना सांगितलंय.

किटली चालते. तबकडी उन्हात वाळल्यावर पहिल्यासारखी झाली, बटणही तसंच "टक" करून वर येतं. फक्त एक खोड वाढली. बुडाशी चिकटलेला दुधाचा थर घासून निघाला, पण पाणी तापलं की अजून वास येतो. जळक्या दुधाचा, थोडा आल्याचा. सकाळी खिडकीसमोर ती भिंतच असते, पण पाणी गुणगुणायला लागलं की क्षणभर आमच्या घराचा वास खोलीभर पसरतो.

नाझनीन म्हणते, लिंबू पिळून एकदा पाणी उकळव, वास निघून जाईल. अम्मींनीही फोनवर तेच सांगितलं.

मी अजून लिंबू आणलेलं नाही.